दोर, स्की आणि थट्टा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे स्की टूरिंगविषयी आहेत. लिफ्ट आणि आखलेल्या पट्ट्या मागे सोडून, स्कीच्या तळाला केसाळ स्किन लावून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि वर पोहोचल्यावर त्या स्किन काढून तोच उतार स्कीवरून उतरायचा, असा हा प्रकार आहे. गिर्यारोहण आणि स्कीइंग या दोन्हींचे कौशल्य त्यात लागते, आणि दोन्हींचे धोकेही त्यात एकत्र येतात. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत, काही पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि एका पत्राला मुद्दाम इतरांपेक्षा जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आखलेल्या पट्ट्यांवर मी पाच वर्षे स्की करत आहे. या हंगामात मी पहिल्यांदाच मोकळ्या डोंगरात जाणार आहे. आधी एअरबॅगची सॅक घ्यावी, की ट्रान्सीव्हर? सोबत येणाऱ्या चौघांपैकी दोघांकडे ट्रान्सीव्हर आहेत. तेवढे पुरेसे नाहीत का?

उत्तर : नाहीत. ट्रान्सीव्हर हे संदेश पाठवणारे आणि ऐकणारे असे दुहेरी उपकरण आहे. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाच्या अंगावर ते चालू असेल तरच वर राहिलेल्यांना त्याचा माग लागतो, आणि वर राहिलेल्यांकडेही ते असेल तरच त्यांना शोध घेता येतो. तेव्हा पाच जणांच्या गटात पाच ट्रान्सीव्हर हवेतच. त्यांच्यासोबत प्रत्येकाच्या सॅकमध्ये धातूचे फावडे आणि किमान 240 सेंटिमीटर लांबीची प्रोब, म्हणजे झटक्यात जोडली जाणारी बारीक काठी, हीदेखील हवी. आजचे सर्व ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर चालतात, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांना ऐकू शकतात. मात्र ट्रान्सीव्हर तुम्हांला गाडलेल्या माणसाच्या जवळपास नेतो. नेमकी जागा प्रोब सांगते आणि माणसाला बाहेर काढते ते फावडे. तिघांपैकी एक वस्तू नसली तर उरलेल्या दोन जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

घाई कशासाठी, हे आकड्यांवरून समजते. पूर्ण गाडले गेलेल्यांपैकी ज्यांना पहिल्या दहा मिनिटांच्या आसपास बाहेर काढले जाते, त्यांतील दहापैकी सुमारे नऊ जण वाचतात; अर्ध्या तासानंतर हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घसरते, कारण बर्फाखाली माणूस बहुधा श्वास कोंडून मरतो. कोणतेही बचावपथक एवढ्या वेळात पोहोचू शकत नाही. तुमचे बचावपथक म्हणजे तुमचे चार सोबती. म्हणूनच उपकरण विकत घेणे आणि ते वापरता येणे यांत मला फार मोठे अंतर दिसते. हंगामाच्या सुरुवातीला एक पूर्ण दिवस सरावासाठी काढा. पिशवीत गुंडाळलेला चालू ट्रान्सीव्हर कोणीतरी लपवावा आणि बाकीच्यांनी घड्याळ लावून तो शोधावा. आधी पहिला संकेत मिळेपर्यंतचा शोध, मग बाणाच्या मागे जाण्याचा, मग उपकरण बर्फाला टेकवून सर्वांत लहान आकडा पकडण्याचा आणि शेवटी बर्फाच्या पृष्ठभागाशी काटकोनात, 25 सेंटिमीटरच्या अंतराने, गोलाकार बाहेर सरकत प्रोब खुपसण्याचा, या चारही टप्प्यांचा सराव व्हायला हवा. प्रोबला माणूस लागला की ती तशीच रुतलेली ठेवा आणि खणायला तिच्या अगदी जवळून नव्हे, तर खोलीच्या सुमारे दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरकून सुरुवात करा. मीटरभर खोल गाडलेल्या माणसासाठी टनभर बर्फ उपसावा लागू शकतो आणि थांबलेले स्खलन सिमेंटसारखे आवळून बसते, त्यामुळे प्लॅस्टिकचे फावडे तिथे टिकत नाही.

मोबाइल आणि इतर विजेची उपकरणे पाठवण्याच्या अवस्थेतील ट्रान्सीव्हरपासून किमान 20 सेंटिमीटर आणि शोधाच्या अवस्थेत किमान 50 सेंटिमीटर दूर ठेवा. उत्पादकाने परवानगी दिलेलेच सेल वापरा. बहुतेक उपकरणांत पुन्हा चार्ज होणारे सेल चालत नाहीत, कारण ते शेवटपर्यंत भरलेले असल्यासारखे दाखवतात आणि मग एकाएकी संपतात. निघताना एकाने पुढे उभे राहून बाकीच्यांचे उपकरण एकेक करून तपासावे, हा नियम एका दिवसासाठीही मोडू नये.

आता एअरबॅगविषयी. वाहत्या मिश्रणात मोठ्या आकाराच्या वस्तू वर राहतात या तत्त्वावर ती चालते. फुगलेल्या पिशवीमुळे माणसाचे आकारमान वाढते आणि तो पूर्ण गाडला जाण्याची शक्यता कमी होते. तिचा उपयोग खरा आहे. पण खडकांवर किंवा झाडांवर आपटण्यापासून ती वाचवत नाही, आणि माणूस खोलगट जागेत वाहत गेला व मागून आलेला बर्फ त्यावर साचला, तर तिचा फारसा उपयोग होत नाही. पहिले तीन साहित्य आणि त्यांचा सराव झाल्यावरच एअरबॅगचा विचार करा.

प्रश्न : तीस अंशांहून कमी उतारावर राहावे असे सगळे सांगतात. पण घरी बसून नकाशावर तीस अंश ओळखायचे कसे?

उत्तर : साधे त्रिकोणमितीचे गणित आहे. 1:25,000 प्रमाणाच्या नकाशावर समोच्चरेषांमध्ये 100 मीटर उंचीचा फरक किती मिलिमीटरमध्ये भरतो ते मोजा. तो सुमारे 7 मिलिमीटरमध्ये भरला तर उतार तीस अंशांचा आहे; अंतर त्याहून कमी असेल तर उतार अधिक तीव्र, आणि 5.7 मिलिमीटरच्या आसपास असेल तर तो 35 अंशांवर पोहोचला आहे. उताराचे कोन रंगांत दाखवणारे डिजिटल नकाशे आता मिळतात आणि ते सोयीचेही आहेत, पण हाताने एकदा मोजून पाहिले की नजर तयार होते. प्रत्यक्ष उतारावर कोनमापकाने किंवा दोन स्की काठ्यांच्या साहाय्याने खात्री करावी. नकाशा सरासरी सांगतो, आणि दहापंधरा मीटरचा एखादा तीव्र उंचवटा दोन समोच्चरेषांच्या मध्ये सहज लपतो.

तीस अंशांचे महत्त्व का, हेही समजून घ्यावे. ज्या हिमस्खलनांत स्कीयर सापडतात ती बहुतेक पाटीसारखी सुटणारी असतात. वर एकसंध, घट्ट थर, त्याखाली साखरेच्या दाण्यांसारखा किंवा पिसांसारख्या स्फटिकांचा कच्चा थर, आणि त्याखाली पुन्हा काहीतरी घट्ट, अशी ती रचना असते. माणसाच्या वजनाने कच्चा थर एका जागी मोडतो, ती मोड क्षणात आडवी पसरते आणि वरची पाटी सुटून खाली निघते. अशी पाटी बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटते आणि त्यातही 38 अंशांच्या आसपास सर्वाधिक. अपघात झालेल्या गटांच्या बाबतीत ती पाटी बहुतेक वेळा त्या गटातल्याच कोणाच्या तरी वजनाने सुटलेली असते. हे ऐकून घाबरू नका. आपण कोठे पाऊल टाकतो यावर बरेच अवलंबून आहे, असा त्याचा अर्थ आहे.

मात्र एक गोष्ट विसरू नये. तुम्ही पंचवीस अंशांवर उभे आहात आणि तुमच्या डोक्यावर अडतीस अंशांचा उतार जोडलेला आहे, तर तुम्ही सुरक्षित नाही. कच्च्या थरातील मोड खालच्या सपाट भागातून वरच्या उतारापर्यंत धावू शकते. पायाखाली ‘धप्प’ असा बसका आवाज आला, स्कीच्या टोकापासून तडे पळताना दिसले किंवा शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसले, तर त्या दिवशी तीव्र उताराचा विषय तिथेच संपला असे समजा. आणि हिमस्खलनाच्या पाच पातळ्यांच्या धोकामापात तिसरी पातळी मधोमध येते म्हणून ती मध्यम आहे असा समज करून घेऊ नका. प्राणघातक अपघातांचा मोठा वाटा त्याच पातळीच्या दिवसांवर घडतो, कारण त्या दिवशी धोका पुरेसा मोठा असतो आणि तरीही लोक बाहेर पडतात.

प्रश्न : आमचा सहा जणांचा गट तीन हंगाम एकत्र आहे. आमची थट्टामस्करी फार चालते. जो माघार घ्यायला सांगतो त्याला त्या दिवसापुरते एक नाव मिळते, संध्याकाळी त्याच्या नकला होतात आणि पुढचे कित्येक दिवस ते चालू राहते. मलाही ते आवडते. त्या हसण्यामुळेच आम्ही एकत्र आहोत. पण गेल्या टूरमध्ये एका घळीच्या तोंडाशी मला वाऱ्याने साठलेला ताजा बर्फ स्पष्ट दिसला आणि मी बोलले नाही. माझ्याआधी चार जण उतरले होते आणि काही झाले नाही. मी भित्री आहे का, की आमच्या थट्टेत काही चुकते आहे?

उत्तर : तुम्ही भित्र्या नाही. जे दिसायला हवे होते ते तुम्हांला दिसले. तुमचे पत्र मी तीनदा वाचले, कारण अशीच एक गोष्ट माझ्याही बाबतीत घडली आहे. एका रुंद उताराच्या वरच्या कडेला मी दहा मिनिटे मनात वाक्य जुळवत उभी होते आणि शेवटी काहीच न बोलता इतरांच्या मागे उतरले. त्या दिवशीही काही झाले नाही. त्या ‘काही झाले नाही’चा मला पुढे फार त्रास झाला, कारण माझा अंदाज चुकीचा होता असे माझे मलाच पटू लागले. उतार सुटला नाही म्हणजे तो सुरक्षित होता असे सिद्ध होत नाही. कच्चा थर एका जागी खोलवर असतो, दुसऱ्या जागी वर येतो. चार जण वरच्या पाटीच्या जाड भागावरून गेले आणि पाचवा तिच्या पातळ भागावर आला, असे घडू शकते आणि घडलेले आहे.

हिमस्खलनाचे अभ्यासक इयान मॅकॅमन यांनी अमेरिकेतील 1972 ते 2003 या काळातील 715 हिमस्खलन अपघातांचा अभ्यास करून दाखवून दिले की, अपघात झालेल्या गटांपैकी बऱ्याच गटांना धोक्याची चिन्हे ओळखता येत होती. पण माणसांना नेहमीच्या व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या मनाच्या सवयींनी त्यांना उतारावर नेले. ओळखीचा उतार असला की सावधपणा ढिला होतो. सोबत्यांच्या नजरेत चांगले दिसावे ही ओढ असते. शिखराचा बेत जाहीर करून झालेला असतो. गटातील एकाला बाकीचे जाणकार मानतात आणि त्याने काहीही न विचारले तरी त्याच्या गप्प राहण्याला होकार समजतात. दुसरा गट आधी पोहोचला तर अस्पर्श बर्फ संपेल, ही घाई असते. आणि समोर इतर लोक उतरताना दिसले की आपणही उतरावे असे वाटते. तुमच्या घळीच्या तोंडाशी यांतल्या किती गोष्टी हजर होत्या ते तुम्हीच मोजा. माझ्या मते किमान चार होत्या.

आता थट्टेविषयी. मी थट्टेच्या विरोधात मुळीच नाही. थंडीत, थकव्यात, वादळात तंबूत अडकलेल्या दोन रात्रींमध्ये एखादा बरा विनोद माणसाला जेवढा सावरतो तेवढे दुसरे काही सावरत नाही. दोराला एकत्र बांधलेल्या माणसांमध्ये जी सलगी येते ती या चेष्टामस्करीतूनच येते, आणि सलगी असली की माणूस ‘माझे बूट भिजलेत’, ‘मला चक्कर येते आहे’ अशा गोष्टी वेळेवर सांगतो. स्किन चिकटेना म्हणून धडपडणाऱ्याची थट्टा करा, तंबूत घोरणाऱ्याची करा, ज्याची सॅक प्रत्येक टूरला सर्वांत जड असते त्याची करा. फक्त एक सीमा पाळा : माणसाने घेतलेल्या सावध निर्णयाची थट्टा करू नका. ज्या गोष्टीची संध्याकाळी थट्टा होते ती गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस करत नाही, इतके ते सरळ आहे. तुमचा गट तीन हंगाम हसत हसत स्वतःला एक शिकवण देत आला आहे, आणि ती शिकवण त्या घळीच्या तोंडाशी तुमच्या जिभेवर येऊन बसली.

हे बदलायचे कसे? गटाला जाब विचारू नका. पुढच्या टूरच्या आदल्या रात्री, नकाशा समोर असताना, तीन गोष्टी सुचवा. पहिली, नकाराधिकार एकाचाही पुरेसा असेल आणि नकाराचे कारण उतारावर विचारले जाणार नाही. चर्चा खाली, सुरक्षित जागी आल्यावर होईल. दुसरी, निर्णयाच्या जागा आधीच ठरतील, म्हणजे खिंडीत, घळीच्या तोंडाशी, हिमनदीच्या काठावर सर्व जण थांबतील, आणि तिथे सर्वांत कमी अनुभवी किंवा सर्वांत अबोल माणूस आधी बोलेल, जाणकार शेवटी. क्रम उलटा ठेवला की जाणकाराचे मत ऐकून इतरांनी आपले गिळून टाकण्याचा प्रश्नच उरत नाही. तिसरी, ‘कोणाला काही अडचण आहे का?’ असे विचारण्याऐवजी ‘हा उतार सुटला तर कोठून सुटेल आणि आपण कोठे जाऊ?’ असे विचारले जाईल. पहिल्या प्रश्नाला शांतता हे उत्तर चालते, दुसऱ्याला चालत नाही.

आणि संध्याकाळची नावे ठेवण्याची प्रथा मोडायची असेल तर तिला वळवा. ज्याने त्या दिवशी सर्वांत उपयोगी निरीक्षण केले त्याला काही मान मिळू द्या, उदाहरणार्थ तंबूतली चांगली जागा. तुमचे सोबती तुम्ही सांगता तसे असतील, तर ही गोष्ट त्यांना आवडेल असा माझा अंदाज आहे. पत्रात तुम्ही त्यांच्याविषयी जे लिहिले आहे त्यावरून ते निर्दय वाटत नाहीत. त्यांना परिणाम दिसलेला नाही, एवढेच. घळीच्या तोंडाशी तुम्ही काय पाहिले आणि का बोलला नाहीत, ते त्यांना आहे तसे सांगा. असे सांगितल्यावरही कोणी हसले, तर त्या माणसासोबत दोर बांधू नका.

प्रश्न : बेत आखताना वेळेचा अंदाज नेहमी चुकतो. काही सूत्र आहे का?

उत्तर : आहे, आणि ते स्वित्झर्लंडचे मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांच्या नावाने ओळखले जाते. चढाईसाठी अंतर किलोमीटरमध्ये घ्या, चढाची उंची मीटरमध्ये घेऊन तिला 100 ने भागा, दोन्हींची बेरीज करा आणि तिला 4 ने भागा. येणारा आकडा म्हणजे तास. सहा किलोमीटर अंतर आणि 1,000 मीटर चढ असेल तर 6 अधिक 10 म्हणजे 16, आणि 16 भागिले 4 म्हणजे चार तास. विश्रांतीचा वेळ त्यात धरलेला नाही. गट मोठा असेल, सॅक जड असेल किंवा ताज्या बर्फात वाट फोडायची असेल, तर 4 ऐवजी 3 ने भागा. या आकड्यावरून परत फिरण्याची वेळ ठरवा आणि ती कागदावर लिहा. वसंतात तर ही वेळ बर्फच ठरवतो. रात्रीच्या निरभ्र आकाशाखाली गोठलेला थर ऊन लागल्यावर वरून मऊ होतो, तेवढाच काळ उतरायला उत्तम असतो; त्यानंतर ओल खोल जाते आणि ओली स्खलने सुरू होतात.

प्रश्न : स्की टूरसाठी ॲल्युमिनियमचे हलके क्रॅम्पॉन घेतले. सोबती म्हणतात, ती खेळणी आहेत. खरे काय?

उत्तर : दोघेही अर्धे खरे बोलत आहात. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाच्या तळाला बांधायची दातेरी चौकट. तिचा आजचा आकार ऑस्कर एकेनस्टाइन यांनी 1908 च्या सुमारास आखलेल्या दहा दातांच्या रचनेतून आला आणि 1929 मध्ये लॉरां ग्रिव्हेल यांनी त्याला पुढे आलेले दोन दात जोडले, ज्यांच्यामुळे उभ्या बर्फावर समोरून चढता येऊ लागले. तेव्हापासून दातांची अपेक्षा एकच आहे : कठीण बर्फात शिरावे आणि तिथे टिकावे. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ असते. घट्ट दाबलेल्या बर्फाच्या एखाद्या उतारावर, स्की खांद्यावर घेऊन शेवटचे शंभर मीटर चढायचे असतील तर ते पुरेसे आहेत आणि दिवसभर पाठीवर कमी वजन वाहिल्याचा फायदा खरा आहे. पण निळसर, काचेसारखा बर्फ लागला किंवा वाटेत खडकांचे पट्टे आले, तर दात झपाट्याने बोथट होतात आणि वाकू शकतात. पुढचे दात पोलादाचे आणि टाचेचा भाग ॲल्युमिनियमचा असे मिश्र क्रॅम्पॉनही मिळतात. बहुतेक टूरसाठी मला तो मध्यममार्ग योग्य वाटतो. तुमच्याच बुटांवर, घरी, हातमोजे घालून बसवून पाहा. क्रॅम्पॉन बुटावर बसत नाही हे उतारावर कळणे फार उशिराचे असते.

प्रश्न : आम्ही दोघेच हिमनदीवरून स्कीने जाणार आहोत. दोर बांधावा की नाही? बांधला आणि एक जण भेगेत पडला, तर दुसरा ओढला जाणार नाही का?

उत्तर : तुमची शंका योग्य आहे आणि दोन माणसांच्या दोराची हीच मूळ अडचण आहे. तीन किंवा अधिक माणसे असतील तर पडणाऱ्याचे वजन अनेकांत वाटले जाते आणि त्याला वर काढायलाही हात मिळतात. दोघेच असाल तर मधले अंतर वाढवा, सुमारे पंधरा मीटर किंवा थोडे अधिक, आणि मधल्या दोरात काही जाड गाठी मारा. दोर भेगेच्या काठातील बर्फात कापत शिरतो तेव्हा या गाठी त्यात अडकतात आणि वर उभ्या असलेल्याला आधार मिळतो. उरलेला दोर दोघांच्या सॅकमध्ये अर्धाअर्धा असावा, म्हणजे बचावाच्या वेळी वर राहिलेल्याकडे दोर असेल. दोर ताणलेला ठेवा. हातात वेटोळी धरून चालण्याची सवय फार धोक्याची आहे, कारण जितका दोर सैल, तितके पडणे लांब आणि धक्का मोठा.

चढताना, विशेषतः हिमभेगा बर्फाने झाकलेल्या असतील तेव्हा, दोर बांधा. स्कीवर माणसाचे वजन मोठ्या क्षेत्रावर पसरते, त्यामुळे पायी चालण्यापेक्षा बर्फाचे पूल मोडण्याची शक्यता कमी असते, पण नाहीशी होत नाही. उतरताना दोर बांधून स्की करणे अवघड आहे आणि चांगल्या दृश्यतेत बहुतेक जण ते करत नाहीत. धुके असेल आणि भेगांचा प्रदेश माहीत नसेल तर सावकाश, दोर बांधून उतरण्याला पर्याय नाही. हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा पट्टा, मात्र दोर बांधलेला नसतानाही अंगावर असावा, आणि त्याला एक कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, व दोरीचा तुकडा आधीच लावलेला असावा, म्हणजे भेगेत पडलेल्याला वरून दोर पोहोचताच अडकवून घेता येईल. कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलेली, दोरावर सरकवता येणारी पण वजन पडताच आवळणारी गाठ दोन्ही हातांनी, डोळे मिटून, हातमोज्यांसह मारता येईपर्यंत सराव करा.

दोर कोणता आहे याकडे दुर्लक्ष करू नका. 14 जुलै 1865 रोजी मॅटरहॉर्नच्या पहिल्या चढाईनंतर उतरताना सात जणांपैकी चौघे कोसळले आणि उरलेल्या तिघांशी त्यांना जोडणारा दोर तुटला. वापरलेला तो दोर त्यांच्याकडील दोरांपैकी सर्वांत कमकुवत होता. तुटलेला तुकडा आजही झरमॅटच्या संग्रहालयात पाहता येतो. आजचे दोर नायलॉनचे आणि ताणले जाणारे असतात, पण सर्वांत पुढे चढणारा पडला तर त्याला झेलण्यासाठी बनवलेला दोर आणि केवळ हिमनदीसाठी बनवलेला बारीक, कमी ताणणारा दोर या वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्यावर पहिल्याचे काम सोपवू नका.

प्रश्न : चढताना स्किनखाली बर्फाचे गोळे जमतात. उपाय?

उत्तर : स्किन ओली होऊन थंड, कोरड्या बर्फात शिरली की असे होते. निघण्याआधी केसांवर स्किनचे मेण केसांच्या दिशेने घासा आणि मेणाचा तुकडा खिशात ठेवा. प्रत्येक उतरणीच्या वेळी काढलेल्या स्किन सॅकमध्ये न टाकता जॅकेटच्या आत ठेवल्या तर गोंदही थंडीने निकामी होत नाही.

प्रश्न : धारेवरून चालताना कॉर्निसपासून किती आत राहावे?

उत्तर : वाऱ्याने धारेच्या पलीकडे वाढवलेले, खालून पोकळ असलेले हे बर्फाचे छज्जे वरून पाहणाऱ्याला सपाट जमिनीसारखे दिसतात, आणि ते मोडतात ती रेषा कडेपाशी नसते, पुष्कळदा ती आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी आत, घट्ट वाटणाऱ्या भागातून जाते. गिर्यारोहक हेर्मान बुल यांनी 1953 मध्ये नंगा पर्बतच्या शिखरावर एकट्याने पहिले पाऊल ठेवले होते आणि जून 1957 मध्ये ब्रॉड पीकच्या पहिल्या चढाईतही ते होते. त्याच महिन्याच्या 27 तारखेला, चोगोलिसा या शिखरावरून खराब हवेत माघारी येताना, त्यांचा पाय वाटेपासून ढळून कॉर्निसवर पडला आणि ती मोडली. त्यांच्यात आणि त्यांचे सोबती कुर्ट डीमबेर्गर यांच्यात त्या वेळी दोर नव्हता. एवढ्या अनुभवी माणसालाही धुक्यात कड दिसली नाही, ही गोष्ट मला दर हंगामात आठवते.

म्हणून मीटरांत ठरावीक अंतर सांगण्याऐवजी मी ही पद्धत सांगते. धारेवर पोहोचण्याआधीच, खालून किंवा बाजूने, छज्जा कोणत्या बाजूला वाढला आहे ते पाहून ठेवा. जिथे धारेवर खडक किंवा झुडूप उघडे दिसते तिथून पुढच्या तशाच उघड्या जागेपर्यंत मनात रेषा ओढा आणि त्या रेषेच्या वाऱ्याकडील बाजूला, धारेच्या माथ्यापेक्षा थोडे खालून चाला. पण तो उतार स्खलनाच्या कोनात येतो का तेही तपासा. दृश्यता गेली तर थांबा आणि पुढचे पाऊल टाकण्याआधी प्रोब जोडून समोरचा बर्फ खुपसून पाहा. प्रोब आरपार पोकळीत गेली, तर आल्या पावलांवरूनच मागे फिरा.